गुरुवारची आंघोळ

आमच्या वसाहतीत गुरुवार हाच रविवार होता. भोसरीकडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी त्या वारी असे. सगळीकडची यंत्रे एकाच वेळी चालली तर वीज पुरणार नाही, म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार वाटून दिलेले होते. पिंपरीतल्या काही कंपन्या मात्र रविवारीच बंद असत. त्यामुळे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन घरांची सुट्टी एकाच दिवशी येईल याचा भरवसा नसे. एका घरात दुपारी मटण शिजत असायचे, तेव्हा शेजारच्या घरातला माणूस डबा लावून सायकलवर टांग टाकत असायचा.

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी भोसरीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये कारकून होतो. कोणी कोणत्या पाळीला यायचे, कोणाची रजा, कोणाची बदली सुट्टी, याचे तक्ते तयार करणे हे माझे काम. कित्येक माणसांच्या पाळ्या मी बसल्या जागी लावत असे. एका वर्षी मात्र सणासुदीच्या दिवसांत माझ्या आईच्या आंघोळीची पाळी लावण्याची वेळ आली. ते काम मला किती जड गेले, ते आज लिहून पाहतो आहे. लिहिण्याचा सराव नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर आईने साताऱ्यात लोकांच्या घरी स्वयंपाक करून अक्काचे लग्न केले आणि मला पदवीपर्यंत शिकवले. त्या सगळ्या वर्षांत आम्ही जिथे जिथे राहिलो, ती जागा दुसऱ्याची होती: कोणाच्या माजघराचा कोपरा, कोणाच्या जिन्याखालची खोली. रात्री दार लावायचे ते मालकांनी आणि सकाळी उघडायचे तेही त्यांनीच. मला नोकरी लागली आणि वसाहतीत दीड खोलीचे घर मिळाले, त्या दिवशी संध्याकाळी आईने दाराची कडी लावली, काढली आणि पुन्हा लावली. कडी अडकत असेल असे वाटून मी तेल आणायला निघालो.

"राहू दे," ती म्हणाली. "चांगली आहे कडी."

आणि तिने ती पुन्हा एकदा काढली.

त्या घरात आईला जेमतेम चार वर्षे हिंडता-फिरता आले. एका आषाढात तिची उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी आली, तेव्हा तिच्यापाशी मोजके शब्द उरले होते: हो, नको आणि दार. यातला शेवटचा शब्द ती पुष्कळ गोष्टींसाठी वापरी. दार उघड, दार लोटून घे, कोण आले बघ, अंधार झाला, तू कधी परत येणार, हे सगळे 'दार' या एका शब्दात येई आणि कोणता अर्थ घ्यायचा ते तिच्या डाव्या भुवईवरून ओळखावे लागे. तिची खाट आम्ही दारासमोर लावली होती.

तिला भरवणे, औषध देणे, कूस बदलून देणे हे मला जमू लागले. आंघोळीचे मात्र जमले नाही. पहिल्या दिवशी मी बादलीत ऊन पाणी काढून आणले, तेव्हा तिने डाव्या हाताने लुगडे छातीशी घट्ट धरले आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

"नको."

मी तिचा मुलगा होतो, अविवाहित होतो आणि तिचे म्हणणे मला पूर्णपणे कळत होते. मी बादली उचलून बाहेर आलो. पुढे काय करायचे ते न सुचल्यामुळे तिथेच उभा राहिलो. कोणाकडे काही मागायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटत असे. शाळेत शाई संपली तरी मी शेजारच्याकडे मागत नसे.

मागावे लागले नाही. शेजारच्या काकू, रत्नागिरीकडच्या, मोठ्या आवाजाच्या, माझ्या हातातली बादली बघून काय ते समजल्या.

"द्या ती इकडे, भाऊजी. आणि तुम्ही जाऊन उभे राहा तिकडे नळापाशी. लांब. इथे भिंतीला टेकून उसासे टाकायचे नाहीत."

आईला धरून मोरीपर्यंत नेता येत असे आणि स्टुलावर बसवता येत असे. काकू ते एकट्याने करीत. करताना सबंध ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात आईशी बोलत: नवऱ्याची रात्रपाळी, पोरांचे मार्क, माशांचे भाव. त्यांची पोरे संध्याकाळी माझ्याकडे गणिते सोडवायला बसत. तेवढ्यावर काकू माझा संकोच उडवून लावत. श्रावण असा निभावला. मग भाद्रपद आला आणि काकू बोचकी बांधू लागल्या.

"माझा जीव इथेच राहील हो, भाऊजी. पण गणपतीला घरी गेले नाही, तर सासू पुढल्या वर्षी मला उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही."

कोकणातल्या माणसाला गणपतीत थांबा म्हणण्याची हिंमत माझ्यात नव्हती; ती कोणातच नसते. काकू गेल्या त्या दिवशी मी रजा काढली होती आणि पुन्हा बादली घेऊन बाहेर उभा होतो. पाणी निवत चालले होते. तेवढ्यात मागच्या ओळीतल्या ताई पहिली पाळी संपवून घरी चालल्या होत्या. त्या पिंपरीतल्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या खात्यात होत्या. मूळच्या नांदेडकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. आजारापूर्वी आई त्यांच्याशी बोले ती आपण उंबऱ्याच्या आत आणि त्या बाहेर अशीच. असे का, ते आई जाणत होती, ताई जाणत होत्या आणि मीही. त्याविषयी कोणी कधी बोलले नव्हते.

ताईंनी बादलीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काकू गेल्या वाटतं गावाला?"

"हो."

"मग हे पाणी काय झाडांना घालायचं आहे का, भाऊ?"

ताईंनी पिशवी माझ्या हातात दिली, बादली घेतली आणि दाराशी जाऊन थांबल्या. आत पाऊल टाकले नाही. आईकडे बघून त्यांनी विचारले, "येऊ का आत?"

आईची डावी भुवई हलली. त्या क्षणी मला आईची भीती वाटली, हे मी लपवणार नाही.

"हो," आई म्हणाली.

त्या दिवसापासून ताई येऊ लागल्या. पुढे काकू परतल्या, तरी त्या येत राहिल्या. समोरच्या घरात त्या उन्हाळ्यात नवी सून आली होती. कुरुळीची, अठरा-एकोणीस वर्षांची, बोलताना जीभ सैल सोडणारी. तीही एक दिवस येऊन म्हणाली, "आमी बी येऊ का? घरात एकटीला करमत न्हाई." अशा तिघी झाल्या. वार वाटून घेतले गेले. जिचा वार, ती आंघोळीबरोबर मधल्या वेळचे पाणी, औषध आणि पेजही बघे. गुरुवारी मी घरी असे, म्हणून त्या दिवशी तिघींना सुट्टी. आंघोळीऐवजी मी आईचे तोंड, हात आणि पाय ऊन पाण्याने पुसून देई. एवढे तिला चालत असे.

ही घडी दसऱ्याच्या दिवशी मोडली. ताई सहकुटुंब धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने वर्षातला मोठा दिवस तो. सूनबाई सोने द्यायला माहेरी गेली होती. काकूंची पाळी होती, पण त्या तापाने फणफणून पडल्या होत्या आणि आपण गेलो नाही हे सांगण्याचेही भान त्यांना नव्हते. मी कारखान्यातली दसऱ्याची पूजा उरकून, हार घातलेल्या सायकलवरून संध्याकाळी घरी आलो. अक्का दारात उभी होती. न कळवता, नुकतीच सांगलीहून आली होती. आई सकाळपासून तशीच पडून होती आणि लुगडे खराब झालेले होते.

अक्काने एक शब्द न बोलता पदर खोचला आणि सगळे आवरले. आईला नीट निजवल्यावर ती मला म्हणाली, "तुझ्यावर रागावले नाही मी. पण हे असं किती दिवस? सण आला की बायकांना आपापली घरं असतात. दिवाळीला कोण येणार तुझ्याकडे?"

"विचारतो मी."

"तू विचारणार?" ती हसली, वाईट नव्हते ते हसणे, बहिणीचे होते. "भाऊबीजेला मी येतेच आहे. तोवर दिवाळीचं नीट लागलं तर उत्तम. नाही लागलं, तर आईला बरोबर घेऊन जाते. गाडीचं मी बघते."

अक्काचे सासर भरलेले, सासू-सासरे, दीर-जावा. आईला तिथे काही कमी पडले नसते. जेवण, औषध, आंघोळ, सगळे वेळच्या वेळी झाले असते. पण ती पुन्हा दुसऱ्याच्या घरी, आतल्या एखाद्या खोलीत पडून राहिली असती. खाटेवरून आईने आमचे बोलणे ऐकले होते. तिने डावा हात उचलला.

"दार," ती म्हणाली.

अक्काला वाटले वारा लागतो आहे. तिने दार लोटून घेतले. आईने डोळे मिटले.

दिवाळीला पंधरा-वीस दिवस होते. मला जे एक काम येत होते, ते मी केले: तक्ता तयार केला. कारखान्यातल्यासारख्या रेघा आखल्या, उभे रकाने वारांचे, आडवे माणसांचे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत नावे घातली आणि एका संध्याकाळी तिघींना आमच्या ओट्यावर बोलावून तो पुढे ठेवला. तोंडाने विचारण्यापेक्षा कागद पुढे करणे मला सोपे होते.

काकूंनी तो उलटा धरला, मग सुलटा. "अगं बाई! भाऊजी, आम्हाला पंच कार्ड पण देणार का? उशीर झाला तर अर्धा दिवस कापणार?"

"ओव्हरटाइम हाय का बघा की त्यात," सूनबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मग तिचे लक्ष तिच्या नावाकडे गेले. "पण माझा तर दिवाळसण हाय. पहिला. ह्यांना घेऊन कुरुळीला जायचंय."

मी तिचे नाव खोडले. पहिल्या आंघोळीच्या दिवशी मी काकूंचे नाव घातले होते. सूर्य उगवायच्या आत त्यांना नवरा आणि चार पोरे यांना तेल-उटणे लावून न्हाऊ घालायचे होते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तेही खोडले. उरल्या ताई. त्यांचे नाव मी जवळजवळ सगळ्या रकान्यांत घातले होते. ताईंनी एकेका रकान्यावर बोट ठेवून आपले नाव मोजले.

"भाऊ, एक विचारू? आमच्याकडे दिवाळी नाही म्हणून सगळी दिवाळी माझ्या नावावर का?"

"नाही, म्हणजे, मला वाटलं..."

"सण नाही, पण सुट्टी आहे ना मला. वर्षातून एकदा सलग सुट्टी मिळते कंपनीत. मला बी आई आहे, नांदेडला. ती बी दाराकडे बघत बसलेली असते."

"बरोबर आहे," मी म्हटले आणि तिथेही पेन्सिल फिरवली. आता तक्त्यात रेघाच राहिल्या. काकूंना माझ्या चेहऱ्याची दया आली असावी. त्या म्हणाल्या, "बघू हो, होईल काहीतरी." ताई म्हणाल्या, "निघायच्या आधीचे दोन दिवस मी येते." त्या गेल्यावर मी आईकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती; दाराकडे पाहत होती.

याच सुमारास कारखान्याने दिवाळीची सुट्टी सलग मिळावी म्हणून आधीच्या एका गुरुवारी काम ठेवले. तशी सूचना मीच टंकलिखित केली आणि फाटकापाशी फळ्यावर लावली. तरीही तो गुरुवार उजाडला, तेव्हा तो गुरुवार आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. आमच्याकडच्या माणसाला ही चूक कळेल, इतरांना समजावून सांगणे कठीण आहे. कामाचा दिवस गुरुवार असू शकतो, हेच आमच्या अंगवळणी नव्हते. भोंगा झाला, मी डबा घेतला, आईला चहा पाजला, दार नुसते लोटले आणि निघालो. मनात कुठेतरी तो शुक्रवारच होता.

दुपारच्या सुमारास मी पंच झालेली कार्डे चाळत होतो. घड्याळाने प्रत्येक कार्डावर वार उमटवलेला असे. मी दहा-बारा कार्डे चाळली आणि माझा हात थांबला.

गुरुवारी तिघींना सुट्टी होती. म्हणजे सकाळपासून आईकडे कोणीही आलेले नव्हते. पाणी नाही, औषध नाही, पेज नाही. दसऱ्याचे ते लुगडे माझ्या डोळ्यांपुढे आले. साहेबांकडे जाऊन गेट पास मागितला. कशासाठी, असे त्यांनी विचारले, तर मी नुसते "आई" एवढेच म्हणालो. माझा चेहरा बघून त्यांनी पुढे काही विचारले नाही, सही केली. भोसरीपासून घरापर्यंत सायकल कशी मारली ते मला आठवत नाही. एवढेच आठवते की, अक्काला आता काय सांगायचे, याची जुळवाजुळव मी वाटेत करीत होतो, आणि ती जुळत नव्हती.

घराजवळ आलो, तर आमच्या दारात भांडण चालले होते.

"अगं, पण तू घातलीस तर मला सांगायचं नाही का?" काकूंचा आवाज.

"तुमी इचारलं का? भोंगा झाला, भावजी सायकलवर गेले, म्हंजी आज मावशींकडं कुणीच न्हाई, म्हणून आले मी आपली."

"मला पण भोंगाच ऐकू आला. पोरांना शाळेत धाडलं आणि आले. केस ओले लागले हाताला, तर वाटलं घामाने भिजल्यात. काय उकडतंय आज!"

ताई स्टुलावर बसून कपाळाला हात लावून हसत होत्या. त्या आठवड्यात त्यांची दुसरी पाळी होती. कामाला जाण्यापूर्वी त्या अकराच्या सुमारास आल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या.

"भाऊ, आज तुमच्या आईच्या तीन आंघोळ्या झाल्या. तीन. तुमच्या त्या कागदात लिहून ठेवा."

मी आत गेलो. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. केस विंचरून घट्ट वेणी घातलेली, तोंडाला पावडर. दोरीवर तिची दोन्ही लुगडी वाळत होती. पहिले सूनबाईने धुतले होते, दुसरे काकूंनी. ताई आल्या तेव्हा बदलायला काही उरलेच नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या घरून साडी आणून नेसवली होती. निळी, बारीक पांढऱ्या फुलांची. वडील गेल्यापासून आईच्या अंगावर फुले असलेले कापड मी पाहिले नव्हते.

"आणि ह्या बघा कशा!" काकू तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "नको म्हणता येत नाही का हो तुम्हाला? औषध नको, दूध नको, तेव्हा कसं खणखणीत येतं? दुसऱ्यांदा पाणी ओतलं, तिसऱ्यांदा ओतलं, तेव्हा कुठे गेलं होतं तुमचं ते नको?"

आईच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. तेवढीच जात असे. मग तिच्या घशातून एक आवाज आला. मला प्रथम ठसका वाटला आणि मी पाण्याचा पेला उचलला. तो ठसका नव्हता. आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

माझे डोळे भरून आले, म्हणून मी सायकल ओट्यावर घेण्याच्या निमित्ताने बाहेर गेलो. काकूंनी नेमके ते पाहिले. "जा, नळापाशी जाऊन उभे राहा," त्या म्हणाल्या, पण या वेळी आवाज हळू होता.

त्याच दुपारी तिघींनी माझ्या दारात बसून दिवाळीची वाटणी केली. मला कोणी विचारले नाही. पहिल्या आंघोळीच्या दिवशी काकू आपल्या घरच्यांच्या आधी आमच्याकडे येणार होत्या. "आमच्याकडची पोरं उठवायलाच तास लागतो. तेवढ्यात मावशींचं होतं. आणि ह्यांना सांगते, रात्रपाळीवरून आलात की तेल तापवून ठेवा." लक्ष्मीपूजनाला ताई. पाडव्याला ताई सकाळी येऊन मग दुपारच्या गाडीने नांदेडला जाणार होत्या. सूनबाईने कुरुळीला जाण्याआधी लुगडी धुऊन, घड्या घालून ठेवण्याचे पत्करले.

"आणि भाऊबीज?" मी विचारले.

त्या दिवशी काकूंना देहूरोडला भावाकडे जायचे होते. तो लष्कराच्या डेपोत होता आणि त्याला ती एकच बहीण. ताई नांदेडला. सूनबाई म्हणाली, "मी येते की सकाळच्या एसटीनं, चाकणवरनं कितीसं लांब हाय?" मी नको म्हणालो. पहिल्या दिवाळसणाला माहेरच्या दारातून मुलीला माघारी बोलावणे मला बरे वाटले नाही. तो रकाना कोरा राहिला, आणि अक्का येणार होती ती त्याच दिवशी.

दिवाळी ठरल्याप्रमाणे पार पडली. पहिल्या दिवशी पहाटे काकू उटण्याची वाटी घेऊन आल्या, आणि आईला ओवाळताना त्यांच्याच घरातून त्यांची पोरे "आई, तेल कुठंय?" म्हणून ओरडत होती. पाडव्याला ताई आल्या. निघताना त्यांनी आईचा डावा हात धरून "येते" म्हटले. आई "दार" म्हणाली. ताईंना ते बरोबर कळले. "आठ दिवसांत परत येते," त्या म्हणाल्या. मी त्यांची निळी साडी घडी करून परत द्यायला काढली होती. त्यांनी ती खाटेच्या पायथ्याशी ठेवली. "राहू द्या, भाऊ. त्यांना आवडली आहे."

भाऊबीजेला सकाळी अक्का आली. आई रात्रीच्याच लुगड्यात, विंचरल्यावाचून पडून होती. मी फक्त तोंड पुसून दिले होते.

"आज कोणाची पाळी?" अक्काने पिशवी खाली ठेवता ठेवता विचारले.

खोटे बोलता आले असते. उशीर झाला आहे, येतीलच, असे म्हणता आले असते.

"कोणाचीच नाही," मी म्हणालो. "आज सगळ्यांची भाऊबीज आहे."

अक्काने बंब पेटवला. लुगडे शोधताना तिच्या हाताला ती निळी साडी लागली.

"ही कोणाची?"

मी तिला गुरुवारची हकिकत सांगितली. सांगण्यात मी कच्चा आहे. मध्येच अडखळलो, सूनबाईच्या आधी काकूंना आणले, पुन्हा मागे गेलो. पण तिसऱ्या आंघोळीपाशी पोहोचलो, तेव्हा अक्का पदराने डोळे पुसत होती आणि आईच्या तोंडाची डावी बाजू वर गेली होती. अक्काने आईला धरून उठवले. मी नेहमीप्रमाणे बाहेर नळापाशी जाऊन उभा राहिलो. लांबून त्यांचे आवाज येत होते. दसऱ्याला अक्काने आईला न बोलता न्हाऊ घातले होते. आज ती सांगलीच्या सगळ्या जावांच्या नकला करत होती आणि मधूनमधून तो ठसक्यासारखा आवाज येत होता.

आई निळी साडी नेसून बसली. अक्काने मला पाटावर बसवून ओवाळले. मी तबकात ओवाळणी घालायला हात पुढे केला, तर तिने तो धरून ठेवला.

"आमच्याकडे तिला रोज आंघोळ मिळेल," ती म्हणाली. "वेळेवर. पण रोज मीच घालणार. एका दिवसात तीन तीन वेळा कोण घालणार तिला?"

मी आईकडे पाहिले. आईही आमच्याकडे बघत होती.

"कुठे आहे तुझा तो तक्ता?"

मी तो फळीवरून काढून दिला. अक्काने कोऱ्या रकान्याकडे पाहिले आणि पेन्सिल मागितली. "भाऊबीज माझी," ती लिहिता लिहिता म्हणाली. "दर वर्षीची. ओवाळणी हीच समज. संक्रांतीलाही येईन, चार दिवस राहीन, तेव्हा त्या तिघींना सुट्टी दे. आणि तू जरा तोंड उघडत जा लोकांजवळ."

संध्याकाळी काकू देहूरोडहून परतल्या त्या तशाच, जरीची साडी न बदलता, धावत आमच्या दारात आल्या. "राहिली ना हो आज मावशींची!" मग त्यांना अक्का दिसली, निळी साडी दिसली आणि त्या तिथेच उंबऱ्यावर टेकल्या. अक्काने त्यांच्यापुढे फराळाचे ताट ठेवले. अक्का दुसऱ्या दिवशी सांगलीला परत गेली; एकटीच.

आई त्यानंतर आणखी दीड वर्ष आमच्याच घरात होती. म्हणजे तिला आणखी एक दिवाळी मिळाली. त्या भाऊबीजेला काकूंचा भाऊच त्यांच्याकडे आला होता, त्यामुळे त्या घरी होत्या आणि सवयीने सकाळीच येऊन आईला न्हाऊ घालून गेल्या. केस पुसून झाले, वेणी झाली, निळी साडी नेसवून झाली. तेवढ्यात अक्का आली. पिशवी ठेवायच्याही आधी तिने पदर खोचला.

"आई, झाली का गं आंघोळ?"

आईने माझ्याकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले. तिथे काकू ओली बादली पाठीमागे धरून उभ्या होत्या. मग तिने अक्काकडे पाहून, अगदी भोळा चेहरा करून, मान हलवली: नाही.

काकूंनी तोंडात पदर कोंबला. मी उठून बंबात आणखी दोन लाकडे सारली आणि नळापाशी जाऊन उभा राहिलो.